ऐंशी बुबुळं आणि एक ठिपका

त्या गावात देखणी माणसं किती, असं कुणी विचारलं असतं तर मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. गावातल्या भिंतींवर मात्र कुरूप माणूस औषधालाही सापडत नव्हता. घरोघरी टांगलेले आजोबा तजेलदार होते, काकवांना प्रत्येकी एकच हनुवटी होती, आणि ज्यांना उभ्या हयातीत कुणी शांत पाहिलं नव्हतं असे मामा चौकटीत बसून मंद हसत होते. ही सगळी करणी टचबाईंची.

फोटो काळेपांढरे होते आणि निगेटिव्ह काचेची असायची, त्या काळातली ही गोष्ट. स्टुडिओचे मालक कॅमेऱ्यामागच्या काळ्या बुरख्यात डोकं घालून फोटो काढायचे, आणि मागच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीशी बसून टचबाई तो फोटो माणसात आणायच्या. समोर उतरत्या लाकडी चौकटीत दुधी काच, तिच्याखाली उजेड वर फेकणारा आरसा, काचेवर निगेटिव्ह, आणि त्यावर वाकलेल्या टचबाई. एका हातात भिंग, दुसऱ्यात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं. काळे केस पांढरे दिसतात, आणि सुरकुती म्हणजे एक नितळ, पारदर्शक रेघ असते. ती रेघ पेन्सिलीने हलक्या हाताने भरली की छापलेल्या फोटोत सुरकुती नाहीशी. एखाद्या बाईचं वय दहा वर्षांनी कमी करायला टचबाईंना पंचवीस मिनिटं लागायची. मालकांच्या मते हा उशीर होता.

दर्शनी भागात, गल्ल्याच्या वर, पाटी होती: ‘येथे नैसर्गिक फोटो काढून मिळतील.’ त्यामुळे गिऱ्हाईक आत असताना टचबाईंनी पुढे यायचं नाही, असा दंडक होता. गिऱ्हाइकाला वाटायचं आपण मुळातच असे आहोत, मालकांना वाटायचं आपला कॅमेराच तसा आहे, आणि टचबाईंना काही वाटून घ्यायला वेळ नव्हता. फोटोला ‘टच’ देतात म्हणून त्यांचं हे नाव मालकांनी ठेवलेलं. गावात त्यांना कुणी त्या नावाने ओळखत नव्हतं, किंबहुना फारसं ओळखतच नव्हतं. त्या ‘टुकीची आई’ होत्या.

टुकी ही त्यांची नऊ वर्षांची एकुलती एक लेक. पाळण्यात असल्यापासून छताकडे टुकूटुकू बघत पडायची, म्हणून टुकी. नंतर छत गेलं आणि आभाळ आलं, एवढाच काय तो फरक. काळजी करणं हा टचबाईंचा दुसरा उद्योग होता. बिनपगारी, पण एकही खाडा नसलेला. पोरगी पायरीवरून घसरेल, विहिरीत वाकेल, थंडीत कान उघडे टाकेल, बाईंना उलट उत्तर देईल. या सगळ्यांवर त्यांनी एकच तोड काढली होती: पोरीने उठून दिसू नये. जे उठून दिसतं तो डाग, आणि डागाचं पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

टुकीचे बाबा डेपोत तिकिटांचे गठ्ठे मोजायचे. लेकीच्या संगोपनात त्यांचा वाटा एवढाच, की दर दोन दिवसांनी ते म्हणायचे, “अगं, बघू दे की तिला वर. वर बघायला तिकीट नाही लागत.”

“ठेच लागते,” टचबाई म्हणायच्या.

तर एका मंगळवारी शाळेचा वार्षिक फोटो निघाला. चौथीच्या चाळीस मुली चार रांगांत, मधल्या दोन खुर्च्यांवर मुख्याध्यापिका आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष. मुख्याध्यापिकांना सगळं गाव ‘मोठ्या बाई’ म्हणायचं आणि त्या ते सर्व अर्थांनी मान्य करायच्या. वेळ सव्वाअकराची ठरली होती, कारण साडेअकराला अध्यक्ष जेवायला जात. मालकांनी काचेची एकच प्लेट आणली होती. दुसरी आणली असती तर लागलीही असती, असा त्यांचा हिशेब. “हलायचं नाही! श्वास धरा! नाकासमोर बघा!” म्हणत त्यांनी कॅमेऱ्याचं टोपण काढलं, टोपण लावलं, झाला फोटो.

त्या संध्याकाळी टुकी दप्तरासकट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, आज फोटोच्या वेळी ना, आभाळात एक काहीतरी होतं.”

“आधी पाय धू.”

“पक्षी नव्हता. हलतच नव्हतं. टाकीच्या वर होतं, नुसतं थांबलेलं, आणि मग एकदम—”

“टुके, पाय. आणि हे बाहेर कुणाला सांगत बसू नकोस.”

“का?”

“का म्हणजे? लोक हसतील.”

टुकीने पाय धुतले. विषय संपला, असं टचबाईंना वाटलं. हातासरशी एखादी गोष्ट बुजवली की ती संपते, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता.

बुधवारी सकाळी ती काच त्यांच्या चौकटीत आली. सोबत मालकांची चिठ्ठी: ‘मोठ्या बाई: हनुवट्या. अध्यक्ष: चामखीळ, डोळ्यांखालच्या पिशव्या. तिसरी रांग, डावीकडून पाचवी: डोळे.’

मोठ्या बाईंच्या हनुवट्यांना सबंध सकाळ गेली. तीन होत्या, टचबाईंनी एकीवर आणल्या. अध्यक्षांची चामखीळ तर जुनी ओळखीची; तिला त्यांनी आजवर सात फोटोंतून घालवलं होतं. मग त्यांनी तिसऱ्या रांगेत भिंग फिरवलं. पाचवी मुलगी टुकी होती. मान सरळ, हात शिस्तीत बाजूला, आणि डोळे मात्र थेट वर, पापण्यांत शिरलेले.

“अगं बाई!” टचबाई काचेशीच बोलल्या. “एकोणचाळीस पोरी नाकासमोर बघतात, आणि आमचीच काय ती!”

लाजेने त्यांचे कान तापले. त्यांनी टुकीची वर गेलेली बुबुळं पेन्सिलीने भरून टाकली. आता छापात तिथे नुसते पांढरे डोळे येणार होते; त्यांत मधोमध काळा ठिपका घालायचं काम प्रत्येक छापावर वेगळं. शाळेने चाळीस छाप मागवलेले. म्हणजे टचबाईंनी पुढच्या दोन दिवसांत आपल्या लेकीची ऐंशी बुबुळं रंगवली, एकेक करून, ब्रशचं टोक ओठांत ओलं करत. सगळी नाकासमोर बघणारी, आज्ञाधारक. खरं तर त्यांना ती फार आवडली. अशी पोरगी असावी, असं क्षणभर वाटूनही गेलं.

आणि हो, आभाळ. शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या वर, थोडं उजवीकडे, काचेत एक नितळ ठिपका होता. प्लेटवर धूळ बसली की असे ठिपके येतात, छापात काळे दिसतात. रोजचंच दुखणं. हा जरा चपटा होता, धुळीचे गोल असतात. ‘कपड्याचा धागा असेल,’ टचबाईंनी ठरवलं, उजेड अडवणाऱ्या पातळ लाल रंगात ब्रश बुडवला, दोनदा टेकवला, आणि आभाळ स्वच्छ केलं. याला अर्धं मिनिटही लागलं नाही. लेकीचे डोळे आणि हा ठिपका एकाच बैठकीत, चार बोटांच्या अंतरावर बुजवताना या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात तेव्हा घरी वाळत घातलेले कपडे होते.

रविवारी वर्तमानपत्रात आलं की मंगळवारी भर दिवसा, पलीकडच्या गावातल्या दोन गवंड्यांनी आभाळात एक अनोळखी वस्तू पाहिली. ही बातमी वाचताक्षणी अध्यक्षांना आठवलं की आपणही पाहिली. चार वाजता, गच्चीवरून. दोन थाळ्या एकमेकींवर पालथ्या घालाव्यात तशी, घराएवढी, घूं घूं आवाज करणारी. बुधवारच्या अंकात अध्यक्षांची ही हकिकत फोटोसकट आली. (फोटो टचबाईंच्या हातचा, चामखिळीविना.) मग डॉक्टरांना आठवलं, वकिलांना आठवलं, पेढीच्या व्यवस्थापकांना त्यांच्या सौभाग्यवतींनी आठवण करून दिली. एकूण, त्या मंगळवारी दुपारी चार वाजता गावातलं एकही प्रतिष्ठित माणूस झोपलेलं नव्हतं, असं निष्पन्न झालं. गवंड्यांचं मात्र पुढे कुणी नाव काढलं नाही. त्यांनी वस्तू सकाळीच पाहिल्याचं सांगितलं होतं, आणि तेही शिडीवरून.

चौकशीला राजधानीहून एक साहेब आले. हातात फाइल, काखेत फाइल, बोलणं बेताचं. त्यांचं नाव एका दिवसात फाइलसाहेब पडलं. गुरुवारी शाळेच्या सभागृहात अध्यक्षांनी त्यांच्यापुढे आपली हकिकत सांगितली. मुलींच्या ज्ञानात भर पडावी म्हणून चौथीचा वर्ग खाली बसवला होता. अध्यक्षांनी घूं घूं आवाजसुद्धा काढून दाखवला. फाइलसाहेबांनी सवयीने विचारलं, “आणखी कुणी काही पाहिलंय?”

आणि टुकी उभी राहिली.

“ते चार वाजता नव्हतं. सव्वाअकराला होतं, आमचा फोटो काढत होते तेव्हा. आवाज नव्हता. आणि ते घराएवढं नव्हतं, लहान होतं.”

हे सगळं टचबाईंना शुक्रवारी कळलं, मोठ्या बाईंच्या खोलीत, उभ्याउभ्या.

“अध्यक्षांच्या तोंडावर!” मोठ्या बाई सांगत होत्या. “पाहुण्यांसमोर! तुमच्या मुलीने सरळ सरळ अध्यक्षांना खोटं पाडलं.”

“लहान आहे हो बाई. चुकून बोलली असेल.”

“चुकून? मी तिला तिथल्या तिथे फोटो दाखवला. हा बघा.” भिंतीवर नवा कोरा फोटो लागला होता, काचेच्या चौकटीत. “सव्वाअकराचा. मी विचारलं, कुठे आहे गं तुझं ते? आभाळ कसं आहे? स्वच्छ. आणि तू कुठे बघते आहेस? समोर! बघा ना तुम्हीच. डोळे किती छान आलेत. सगळ्यांत छान तिचेच आलेत.”

टचबाईंनी पाहिलं. फोटोतून त्यांनीच घातलेले दोन ठिपके त्यांच्याकडे नाकासमोर बघत होते.

त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि पाटी आठवली, मालक आठवले, दंडक आठवला. तोंड मिटलं.

“खोटं बोलायची सवय याच वयात लागते,” मोठ्या बाई आता समजुतीने बोलू लागल्या, म्हणजे जास्तच भीती वाटावी अशा. “सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर तिने उभं राहून चार ओळी वाचायच्या. मी लिहून दिल्यात. मी काही पाहिलं नव्हतं, मी खोटं बोलले, वगैरे. साहेबही असतील. झालं, प्रकरण मिटलं. तुम्ही तिच्याकडून पाठ करून घ्या.”

कागद घेऊन टचबाई घरी आल्या. वाटेत त्यांनी स्वतःला बरंच समजावलं. चार ओळी तर आहेत. पोरं विसरतात. आईच्या नोकरीपेक्षा का चार ओळी मोठ्या? या समजुतीवर त्या कोपऱ्यापर्यंत आल्या.

टुकी ओट्याशी स्टुलावर बसली होती. रडली असती तर टचबाईंना बरं वाटलं असतं. रडण्यावर त्यांच्याकडे उपाय होते. ती आपलं डोकं खाजवत विचार करत होती.

“आई, मी फोटोत समोर बघतेय.”

“हो.”

“पण मला तर आठवतंय मी वर बघत होते. मान नाही हलवली, मालककाका ओरडले असते. नुसते डोळे.” मग थोडं थांबून, “म्हणजे मी बघितलंच नसेल का गं? मला नुसतं वाटलं असेल?”

टचबाईंनी हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

“मग मला आणखी काय काय नुसतं वाटलंय?” टुकीने विचारलं. अगदी सहज, माहिती हवी म्हणून.

पायरी, विहीर, उघडे कान, सगळ्याची काळजी टचबाईंनी नऊ वर्षं वाहिली होती. लेक एक दिवस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडेल, ही काळजी त्यांच्या यादीत नव्हती. आणि ते काम ज्या हाताने केलं होतं त्याच हातात आता मोठ्या बाईंचा कागद होता.

शनिवारी सकाळी त्या मालकांसमोर उभ्या राहिल्या.

“मला शाळेत सांगायचंय, ते डोळे मी केलेत म्हणून.”

मालकांनी आधी दुकानाचं दार लावलं. “टचबाई, तुम्हाला बरं नाहीये का? उद्या डॉक्टर येतील, म्हणतील माझा जबडा कुणाचा? वकिलांचे तर केससुद्धा तुमचे आहेत! अहो, सगळं गाव आपल्या पेन्सिलीवर उभं आहे.”

“माझी पोरगी त्यातून वजा करायची आहे मला.”

“चार ओळींचा तर प्रश्न आहे!”

“तेच मी काल कोपऱ्यापर्यंत म्हणत आले,” टचबाई म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्या. मालक गल्ला तसाच टाकून मागोमाग. त्यांच्या आयुष्यातला गल्ला उघडा टाकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

मोठ्या बाईंच्या खोलीत फाइलसाहेब जबान्यांवर सह्या घेत बसले होते. शेजारी अध्यक्ष होतेच. टचबाईंनी दारातूनच सांगून टाकलं. ओळ न् ओळ, धापा टाकत: डोळे मी बदलले, आभाळातला ठिपका मी बुजवला, पोरगी खरं बोलते आहे.

“ठिपका?” फाइलसाहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. “टाकीच्या वर?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“गवंड्यांनी तीच दिशा सांगितली होती.” त्यांनी समोरचा गठ्ठा जरा बाजूला सारला. “माझ्याकडे चौदा जबान्या आहेत. चौदाही जणांना दोन थाळ्याच दिसल्यात, पालथ्या. निगेटिव्ह कुठे आहे?”

“साहेब, आमच्याकडे नैसर्गिक फोटो...” मालकांनी सुरुवात केली, पण मंडळी तोवर उठली होती.

स्टुडिओची मागची खोली एका माणसाची. तीत त्या दिवशी सहा माणसं मावली, कारण वाटेत टुकीला वर्गातून बोलावून घेतलं होतं. टचबाईंनी काच चौकटीत ठेवली. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून आभाळावरून फिरवला, लाल रंग निघाला. दुसरा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून लेकीच्या डोळ्यांवरून फिरवला, पेन्सिल निघाली. फाइलसाहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“दिसतंय खरं. पण बाई, एक सांगा. तुम्ही म्हणता काचेवर हवं ते करता येतं. मग हे तुम्ही आत्ताच केलं नाही कशावरून? मुलीसाठी?”

“अगदी बरोबर!” अध्यक्ष म्हणाले.

टचबाईंनी काचेकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंकडे, आणि मग अध्यक्षांच्या डाव्या गालाकडे. तिथे त्यांचं लक्ष जायचंच.

“मग सगळंच पुसते. या काचेवर माझ्या हातचं जे जे आहे ते सगळं. कोरी करकरीत, कॅमेऱ्याने टिपली तशी काच देते तुम्हाला. मग तर झालं?”

मोठ्या बाईंचा हात नकळत हनुवटीकडे गेला. “सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं, बाई.”

“पण त्याची काय गरज आहे? मला वाटतं, मुलीचं वय बघता आपण—”

“शाळेची प्रतिष्ठा असते,” अध्यक्ष म्हणाले. त्यांची नजर टर्पेंटाइनच्या बाटलीवर होती. “प्रकरण इथेच मिटवावं. मी मुलीला माफ करतो.”

“माफ?” टुकी म्हणाली. एवढंच. पण असं म्हणाली, की टचबाईंनी बाटलीचं बूच काढलं.

“पुसा,” फाइलसाहेब म्हणाले.

खोलीभर टर्पेंटाइनचा वास सुटला. मालक भिंतीला टेकून खाली बसले. वीस वर्षांत टचबाईंनी पेन्सिल भरली होती, पुसली कधी नव्हती. बोळ्यावर करडा थर चढत गेला. एका बोळ्यावर मोठ्या बाईंच्या दोन हनुवट्यांची भरणी आली, दुसऱ्यावर अध्यक्षांच्या पिशव्या. पाचेक मिनिटांत चौथीचा सबंध वर्ग आणि समिती जशी होती तशी झाली.

मग छाप काढला. दार-खिडकी बंद, लाल दिवा, द्रावणाच्या तबकात पांढरा कागद, आणि त्यावर वाकलेली सहा डोकी. तबकात कागदावर आधी उमटतं ते काळं. सगळ्यांत आधी, कोऱ्या पांढऱ्या आभाळात, टाकीच्या वर, तो ठिपका आला. लहान, चपटा, कडा अगदी रेखीव. एकटाच. त्यानंतर मुलींचे केस, आणि तिसऱ्या रांगेतले दोन वर वळलेले डोळे, नेमके त्याच्याकडे लागलेले.

“मी बघत होते,” टुकी कुजबुजली. “आई, मी बघत होते!”

गावाच्या इतिहासात नोंद व्हावी असा हा क्षण. तो जेमतेम दहा सेकंद टिकला, कारण तेवढ्यात चेहरे उमटू लागले. आणि मग त्या तबकात आभाळ आहे हेच मोठी माणसं विसरली.

“ही मी?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“उजेड वरून होता,” मालकांनी खालून सांगितलं.

“ही चामखीळ एवढी...? मालक, ही तुमची काच खराब आहे.” अध्यक्षांनी तबकात इतकं नाक घातलं की टचबाईंनी त्यांना हळूच मागे ओढलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी ही गोष्ट तीस वर्षं सांगितली होती, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

फाइलसाहेबांनी तेवढा ठिपका पाहिला. पट्टीने मोजला, टाकीपासूनचं अंतर लिहून घेतलं, टुकीला दोन प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं तिच्याच शब्दांत उतरवली. शेवटी त्यांनी जो शेरा लिहिला तो असा: ‘वस्तू असावी. प्लेटवरील धूळ नसेलच असे नाही.’ एवढ्यासाठी सरकारने त्यांना राजधानीहून पाठवलं होतं. पण चौदा जबान्यांच्या गठ्ठ्यावर पंधरावी चढली, आणि तिला साहेबांनी टाचणी वेगळी लावली.

अध्यक्ष काही हार जाणारे नव्हते. बाहेर उजेडात आल्यावर ते म्हणाले, “हे बारीक होतं. मी पाहिलेलं मोठं होतं. म्हणजे ते वेगळं, हे वेगळं.” अशा रीतीने त्या मंगळवारी आभाळात बरीच वर्दळ होती असं ठरलं, आणि कुणाचाच अपमान झाला नाही.

राहिला माफीचा प्रश्न. मोठ्या बाईंनी ओला छाप हातात धरून थोडा विचार केला. त्या छापाच्या आणखी प्रती निघू शकतात, हेही बहुधा त्यात आलं.

“सोमवारी काही वाचायचं नाही. मुलगी वर बघत होती, हे शाळेला मान्य आहे.” मग बाई शेवटी बाईच, म्हणून त्यांनी जोडलं, “पण फोटोच्या वेळी वर बघायचं असतं का? ‘फोटो काढताना समोर पाहावे.’ पन्नास वेळा लिहून आण.”

“हो बाई!” टुकी इतक्या आनंदाने म्हणाली की मोठ्या बाईंना आपण शिक्षा दिली की बक्षीस, याची शंका आली.

टचबाईंची नोकरी जाईल असं सगळ्यांना वाटलं, सगळ्यांत जास्त टचबाईंना. सोमवारी त्या डबा न घेताच कामावर गेल्या, परत तर यायचंच आहे म्हणून. तर गल्ल्यापुढे रांग. बातमी फुटली होती. गाव चिडेल, फसवणूक म्हणून पाटी फोडेल, या भीतीने मालक अर्धे झाले होते. आणि गाव आलं होतं ते मापं घेऊन. “त्या आतल्या बाईंना सांगा, माझं नाक एवढं कमी,” असं लोक आता उघड सांगू लागले. वकिलांनी आणखी थोडे केस मागितले. मालकांनी पाटी उतरवली आणि टचबाईंना पुढच्या खोलीत खुर्ची दिली, खिडकीशी, गिऱ्हाइकाला दिसेल अशी. खरं कळल्यावर गावाला राग आला नाही, दर काय एवढंच विचारावंसं वाटलं. अध्यक्षांनी तर चामखिळीविना नव्याने फोटो काढून घेतला, सौभाग्यवतींना दाखवायला. त्या म्हणाल्या, “आता काय उपयोग?”

त्या संध्याकाळी टुकी ओट्याशी बसून शिक्षा लिहीत होती. एकतिसावी ओळ चालली होती. अक्षर सुरेख, जीभ बाहेर. टचबाई भाजी निवडत होत्या, म्हणजे हातात जुडी होती.

“टुके.”

“हं.”

“कसं होतं गं ते?”

टुकीने वर पाहिलं. दोन आठवडे, एक चौकशी, चौदा जबान्या आणि एक साहेब होऊन गेल्यावर घरातून हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. हे टचबाईंनाही विचारल्यावरच कळलं.

“तू सांग ना आधी,” टुकी म्हणाली. “तू तर भिंगातून पाहिलंस. तुझ्याइतकं जवळून कुणीच नाही पाहिलं.”

टचबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. त्या अर्ध्या मिनिटात ते त्यांच्या भिंगाखाली होतं, डोळ्यापासून वीतभर अंतरावर, सगळ्या गावातून फक्त त्यांच्या एकटीच्या समोर.

“चपटं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि... ब्रशच्या दोन टिपक्यांत बुजलं.”

“आणि?”

“आणि काही नाही. मला वाटलं धागा आहे.” त्यांनी जुडी खाली ठेवली. “मी बघितलंच नाही गं. तू सांग.”

टुकीने पेन्सिल कानामागे खोचली आणि स्टूल आईकडे वळवलं.

“हे बघ, आधी ते तिथे नव्हतंच,” ती म्हणाली. “मालककाका बुरख्यात शिरले ना, तेव्हा आलं...”